पूल टेबलाच्या दुरुस्तीचे व्हिडिओ करताय? आधी दोष दिसू द्या

टेबल दुरुस्तीचे बहुतेक व्हिडिओ शेवटाकडे धावतात. नवं कापड बसतं, बॉल मांडले जातात, झोकात एक ब्रेक होतो आणि व्हिडिओ संपतो. बघणाऱ्याचा प्रश्न मात्र तसाच राहतो. त्याच्या टेबलावर बॉल डावीकडे ओढला जातोय, आणि त्याला जाणून घ्यायचंय की दोष स्लेटचा (कापडाखालच्या दगडी लादीचा) आहे, फ्रेमचा आहे, कापडाचा आहे की बॉलचाच. म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. दोष आधी कॅमेऱ्यात सिद्ध करा, मग दुरुस्ती दाखवा, आणि शेवटी तीच चाचणी त्याच जागेवरून पुन्हा करून दाखवा. खाली जे काही सांगितलंय ते याच आग्रहातून आलेलं आहे.

मुंबईत अशा व्हिडिओंची गरज मोठी आहे. हे शहर बिलियर्ड्स आणि स्नूकरचं जुनं ठाणं. विल्सन जोन्स यांनी १९५८ साली जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेतेपद जिंकलं आणि वैयक्तिक खेळात जगज्जेते झालेले ते पहिले भारतीय ठरले. त्यांचा जन्म पुण्याचा, पण खेळ मुंबईत फुलला. जिमखान्यांच्या जुन्या टेबलांपासून उपनगरांतल्या पहिल्या मजल्यावरच्या पार्लरपर्यंत टेबलं सांभाळणारे मिस्त्री इथे आहेत. त्यांचं ज्ञान हातातून हातात गेलं, कागदावर फारसं आलं नाही. मराठीत तर नाहीच. आणि परदेशी व्हिडिओंत कोरड्या हवेतलं, ऐसपैस तळघरातलं टेबल दिसतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा ओली असते आणि टेबलाभोवती क्यू फिरवायलाही जेमतेम जागा असते.

एका व्हिडिओत एकच दोष

‘पूल टेबलाची संपूर्ण देखभाल’ असा व्हिडिओ करू नका. ‘कुशनमधून ढप असा आवाज येतोय’, ‘दोन स्लेटच्या जोडावर बॉल उडतो’, ‘हळू मारलेला बॉल वळतो’ असे विषय घ्या. (कुशन म्हणजे टेबलाच्या कडेची रबरी गादी, जिच्यावर आपटून बॉल परततो.) पार्लरवाला किंवा सोसायटीच्या क्लबहाऊसचा सेक्रेटरी नेमकं असंच शोधतो. विषय ठरला की कागदावर तीन ओळी लिहा: दोष कसा ओळखायचा, तो आणखी कशाकशामुळे होऊ शकतो, आणि यातलं कुठलं कारण आपण कसं बाद करणार. दुसरी ओळ सुचत नसेल तर मिस्त्रींकडे जा. त्या विषयाची तुमची तयारी अजून व्हायची आहे.

टेबल कोणतं आहे हे पहिल्याच मिनिटात सांगा. नऊ फुटी पूल टेबलाची खेळाची जागा १०० बाय ५० इंच असते, आठ फुटीची ८८ बाय ४४. बारा फुटी स्नूकर टेबल वेगळंच प्रकरण आहे: तिथे साधारणपणे पाच स्लेट, जास्त जाडी, वेगळ्या घडणीचं कुशन आणि लव असलेलं कापड. स्वस्त टेबलांत स्लेटऐवजी प्लायवूड किंवा एमडीएफ असतं, आणि दमट हवेत ते फुगतं किंवा वाकतं. स्लेटच्या टेबलाचा उपाय अशा टेबलावर चालत नाही. हे सांगायचं राहिलं तर बघणारा चुकीच्या जागी स्क्रू फिरवत बसेल.

पार्लर आणि मिस्त्री

शूटिंगसाठी पार्लर उघडण्याआधीची सकाळ उत्तम. मालकाशी वेळ, भाडं आणि फ्रेममध्ये काय दिसणार हे आधी बोलून घ्या. गिऱ्हाइकांचे चेहरे येऊ देऊ नका. मिस्त्रींना त्यांच्या दिवसाच्या मजुरीइतके पैसे द्या, कारण कॅमेऱ्यासाठी थांबत थांबत काम केलं की त्यांचा दिवस जातोच. त्यांचं नाव द्यायचं का, हेही त्यांनाच विचारा.

मिस्त्रींना बोलतं करणं हे या कामाचं मर्म आहे. ‘आता काय करताय?’ असं विचारलंत तर ‘टाइट करतोय’ एवढंच उत्तर मिळेल. ‘हे तुम्हाला कशावरून कळलं?’ असं विचारा. मग बोटं कुठे फिरतात, कान कुठे लागतो, ते बाहेर येतं. ‘हाताला लागतंय’ असं ते म्हणाले की कॅमेरा त्या बोटाजवळ न्या आणि तीच क्रिया पुन्हा करायला सांगा. अनेक मिस्त्री मुंबईच्या हिंदीत बोलतात. त्यांना त्यांच्याच भाषेत बोलू द्या, मराठी निवेदन नंतर जोडता येतं. काम चालू असताना त्यांच्यावर मराठी लादलीत तर बोलणं आखडतं आणि त्याबरोबर हातही आखडतात.

उजेड, रंग आणि आवाज

महागड्या कॅमेऱ्याची गरज नाही. मॅन्युअल सेटिंग देणारा फोन, भक्कम ट्रायपॉड आणि आडवा दांडा पुरतो. मात्र तीन अडचणी टेबलापाशी हमखास येतात.

पहिली रंगाची. फ्रेमचा बहुतांश भाग हिरवा किंवा निळा असला की फोनचा ऑटो व्हाइट बॅलन्स फसतो, हात जांभळट किंवा फिक्कट दिसू लागतात. कापडावर पांढरा कागद ठेवून व्हाइट बॅलन्स लॉक करा. एक्स्पोजरही लॉक करा, नाहीतर पांढरा बॉल फ्रेममध्ये येताच सगळं चित्र अंधारतं.

दुसरी अडचण दिव्याच्या लुकलुकण्याची. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, म्हणजे साधे एलईडी आणि ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. फोन बऱ्याचदा सेकंदाला ३० फ्रेमवर असतो आणि चित्रात काळे पट्टे सरकताना दिसतात. २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवा, किंवा ५० फ्रेम आणि १/१०० शटर. स्लो मोशनमध्ये शटर याहून वेगवान होतं आणि पट्टे परत येतात, म्हणून बॉलचे संथ शॉट खिडकीच्या उजेडात घ्या. टेबलावर टांगलेला दिवा वरून घेतलेल्या शॉटच्या आड येतो. तो काढत बसू नका. कॅमेरा दिव्याच्या कडेने थोडा तिरका लावा. फोर-केमध्ये शूट केलंत तर नंतर फ्रेम कापून सरळ करता येते.

तिसरी अडचण आवाजाची. एसी, पंखा, बाहेरचे हॉर्न, पावसाळ्यात पत्र्यावरचा मारा. शूटिंगपुरते पंखा आणि एसी बंद करा, घाम आला तरी चालेल. छातीला लावलेला माइक वाकताना शर्टावर घासतो, तेव्हा तो कॉलरच्या वर, खांद्याकडे लावा. निवेदन घरी, दारं-खिडक्या बंद करून वेगळं रेकॉर्ड करणं चांगलं. पण टेबलाचे स्वतःचे आवाज, म्हणजे कुशनवरची थाप, बोल्टचा करकरणारा आटा, स्लेटवरून सरकणारं नख, हे जागेवरच आणि जवळून घ्या. या दुरुस्तीत अर्धी माहिती कानाने मिळते, आणि पार्श्वसंगीताने नेमकी तीच झाकली जाते. कामाच्या दृश्यांखाली संगीत ठेवूच नका.

लेव्हल: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

बॉल ओढला जातो ही सर्वांत नेहमीची तक्रार, आणि व्हिडिओत सर्वांत वाईट दाखवली जाणारीही हीच. कोणीतरी हाताने बॉल ढकलतो आणि ‘बघा, वळला’ म्हणतो. हाताने सोडलेल्या बॉलला दर वेळी वेगळी फिरकी मिळते, त्यामुळे यातून काही सिद्ध होत नाही.

त्याऐवजी एक छोटा उतार करा. ॲल्युमिनियमच्या अँगलचा, म्हणजे एल आकाराच्या पट्टीचा, हातभर तुकडा घ्या, एक टोक लाकडी ठोकळ्यावर टेकवा, दुसरं कापडावर. अँगलवर मार्करने खूण करा आणि बॉल दर वेळी तिथूनच सोडा. खूण अशी निवडा की बॉल पलीकडच्या कुशनपाशी जाता जाता थांबेल, कारण उतार बॉलला ओढतो तो शेवटच्या फूटभरात. बॉलच्या वाटेशेजारी सुताराचा दोरा ताणून लावा. कॅमेरा पलीकडच्या टोकाला, दोऱ्याच्या रेषेत, कापडापासून वीतभर उंच ठेवा. आता दोऱ्यापासून बॉल किती सरकला हे बघणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

मग तोच बॉल उलट दिशेने सोडा. हा शॉट कधीही गाळू नका. दोन्ही वेळा बॉल खोलीच्या एकाच भिंतीकडे सरकला तर टेबल त्या बाजूला उतरतंय. दोन्ही वेळा तो स्वतःच्या डावीकडे गेला, म्हणजे खोलीच्या हिशेबाने एकदा या आणि एकदा त्या भिंतीकडे, तर संशय बॉलवर किंवा अँगलवर घ्या. बॉल बदलून परत बघा. लव असलेल्या कापडावर आडवा सोडलेला संथ बॉल लवेच्या दिशेने थोडा ओढला जातोच, तिथे टेबलाला दोष देण्याआधी पाणसळ, म्हणजे बुडबुड्याची लेव्हल, लावली पाहिजे.

पाणसळीबद्दल स्पष्ट बोला. जागतिक पूल संघटनेच्या नियमांनुसार टेबल लांबीत ०.५०८ मिमी आणि रुंदीत ०.२५४ मिमीच्या आत समतल करता आलं पाहिजे. सुताराची साधी पाणसळ मीटरमागे साधारण अर्धा मिमी फरक दाखवते. अडीच मीटर लांबीच्या टेबलावर तो सव्वा मिमीपर्यंत जातो, म्हणजे बुडबुडा मधोमध असूनही टेबल नियमाबाहेर असू शकतं. यंत्रशाळेत वापरतात ती पाणसळ, जिच्या एका घराला मीटरमागे ०.०२ मिमी असतात, ती इथे लागते. नागदेवी स्ट्रीटवर हत्यारांच्या दुकानांत चौकशी करा. महाग असते, पण एखाद्या पार्लरने किंवा मिस्त्रींनी मिळून घेतली तर परवडते. व्हिडिओत दोन्ही पाणसळी शेजारी शेजारी ठेवून दाखवा. बुडबुड्याचा क्लोजअप घेताना दिवा वरून नको, काचेत चमक येते. बाजूने पांढऱ्या कागदावरून परतलेला उजेड द्या.

कापड न काढता पाय वरखाली करून होणारी लेव्हल आणि कापड काढून स्लेटखाली पॅकिंग देऊन होणारी लेव्हल ही दोन वेगळी कामं आहेत, त्यांचे व्हिडिओही वेगळे करा. पायाची लेव्हल करताना कॅमेरा दोन जागी लागतो: एक पाना फिरतो तिथे, दुसरा बुडबुड्यावर. दोन फोन नसतील तर एक शॉट दोनदा घ्या. पाना किती फिरला आणि बुडबुडा किती सरकला याचा संबंध एकदा दिसला की बघणारा घरी न घाबरता करू शकतो.

कुशन: रबरावर लगेच दोष टाकू नका

बॉल कुशनला लागून मेल्यासारखा परततो, तेव्हा पहिली सूचना येते ती रबर बदलण्याची. हा मोठा खर्च आहे, आणि पुष्कळदा कारण असतं रेलचा, म्हणजे कुशन बसवलेल्या लाकडी कडेचा, ढिला बोल्ट. ही एक गोष्ट व्हिडिओतून नीट पोचली तरी कित्येकांचे पैसे वाचतील.

चाचणी अशी दाखवा. रेलवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओंजळीएवढ्या अंतराने तळहाताने थापा मारत जा, माइक रेलपासून वीतभर. घट्ट बसलेल्या जागी आवाज ठाम येतो, ढिल्या जागी पोकळ किंवा किंचित थरथरता. संकलनात हे दोन आवाज लागोपाठ ठेवा, मध्ये एक शब्दही बोलू नका. त्यानंतर आधीचाच अँगल वापरून बॉल सारख्या अंतरावरून सहाही रेलवर सोडा आणि तो किती परत आला ते फूटपट्टीने मोजा. एकच रेल कमी पडत असेल तर बोल्ट बघा. सगळ्याच सारख्या मंद असतील तर रबर जुनं झालं असण्याची शक्यता जास्त. जुनं रबर कडक होतं, अंगठ्याने दाबलं की दबत नाही.

टेबलाखालचा शॉट सोपा आहे. फोन फरशीवर पालथा ठेवा, म्हणजे मागचा कॅमेरा वर येईल, वाइड लेन्स लावा, शेजारी बॅटरी. मिस्त्री आडवे झाले की पाना आणि बोल्ट स्पष्ट दिसतो. सगळे बोल्ट आधी हलके बसवायचे, मग आलटून पालटून थोडे थोडे कसायचे. जोर लावून एकच बोल्ट कसला तर लाकडातला आटा फिरतो, ते नुकसान मोठं. समुद्राकाठच्या हवेत बोल्ट गंजतात, त्यांना तेल किती आणि कुठे लावायचं हेही दाखवा. कापडाला तेलाचा थेंब लागता कामा नये.

कुशनची उंची मोजायचा शॉट लहान पण महत्त्वाचा. पुलात कुशनचं नाक, म्हणजे बॉल आपटतो ती पुढची कड, बॉलच्या व्यासाच्या साधारण ६३.५ टक्के उंचीवर असावं लागतं. ५७.१५ मिमीच्या बॉलला ते सुमारे ३६ मिमी येतं. नाक खाली असेल तर बॉल उडतो, फार वर असेल तर दबतो. स्नूकरचा बॉल ५२.५ मिमीचा, त्यामुळे एका टेबलाचं माप दुसऱ्याला लावू नये.

स्लेटचा जोड

इथे सुरक्षितता आधी. तीन तुकड्यांच्या इंचभर जाडीच्या स्लेटमधला एकेक तुकडा साधारण ७० ते १०० किलोचा असतो. तो उचलतानाचा शॉट दाखवायचा असेल तर माणसं पुरेशी हवीत आणि कॅमेरावाला वाटेत नको. जुन्या इमारतीच्या अरुंद जिन्यावरून स्लेट नेण्याची दृश्यं थरारक दिसतात, पण घरी कोणी तसं करून पाहू नये. अनुभवी माणसांशिवाय स्लेट हलवू नका, हे त्याच दृश्यावर सांगा, शेवटी पाटी दाखवून नव्हे.

जोडातली खाच वरच्या उजेडात दिसतच नाही. खोलीचे दिवे कमी करा आणि बॅटरी स्लेटवर जवळजवळ आडवी धरा. केसाएवढी उंची असली तरी सावली पडते. मग नख जोडावरून सरकवा, अडकतं तिथे टिक असा आवाज येतो, तो रेकॉर्ड करा. स्लेट एका पातळीत आणल्या की जोडात मेण वितळवून भरतात आणि गार झाल्यावर पत्तीने खरवडून सपाट करतात. खरवडण्याची क्रिया कापू नका. पत्तीचा कोन किती, दाब किती, हे पूर्ण लांबीत बघूनच कळतं.

मेणासाठी ज्योत लागते आणि कापड चिकटवायचा स्प्रे ज्वलनशील असतो. दोन्ही कामं एका वेळी, बंद खोलीत कधीच नाही. मेणाचं काम संपवून, गॅस टॉर्च बाहेर नेऊन, खिडक्या उघडल्यावरच स्प्रेचा डबा हातात घेतलेला कॅमेऱ्यात दिसला पाहिजे.

कापड

कापडाचा ताण कॅमेऱ्याला दिसत नाही. यावर उपाय आहे. ताणण्याआधी कापडावर कमी चिकट टेपचे दोन बारीक ठिपके फूटभर अंतरावर लावा, मोजपट्टी धरून दाखवा, ताणल्यावर पुन्हा मोजा. ताण सगळीकडे सारखा आहे का हे बघायला असे ठिपके तीन-चार जागी लावा. पॉकेटपाशी द्यायचे काप अगदी जवळून, संथपणे दाखवा. तिथे एक काप जास्त गेला तर पूर्ण कापड वाया जातं. रेलच्या खाचेत बसणारी लाकडी पट्टी ठोकताना ठोकळा मध्ये घेतात, हातोडी थेट पट्टीवर मारत नाहीत. स्टेपल काढायच्या लांबलचक दृश्याला मात्र काही सेकंद पुरेत.

साफसफाईचा वेगळा छोटा व्हिडिओ करा. लव असलेलं स्नूकरचं कापड बॉकच्या, म्हणजे खेळ सुरू होतो त्या, टोकाकडून काळ्या बॉलच्या टोकाकडे, एकाच दिशेने ब्रश करतात, आणि इस्त्रीही त्याच दिशेने सरळ रेषेत फिरवतात. इस्त्री आधी वर्तमानपत्रावर टेकवून बघायची, कागद तांबूस झाला तर ती फार तापली आहे. लव नसलेल्या पूलच्या कापडाला इस्त्रीची गरज नसते. ब्रेकच्या जागी पडणारे पांढरे डाग घर्षणाने जळल्याचे असतात, ते पुसून जात नाहीत, उगाच पाणी लावू नये. आणि हातावरची पावडर, जी आपल्या पार्लरमध्ये मुक्तहस्ते वापरतात, ती कापडात बसते. खडूच्या भुकटीसह ती काढताना व्हॅक्यूमचं तोंड कापडावर दाबू नये.

पावसाळ्याचा विषय मुंबईकराने मुंबईकरासाठीच करावा. लोकरीचं कापड ओल शोषतं, सैल होतं आणि टेबल मंद चालतं. एकाच टेबलावर तोच अँगल, तीच खूण आणि तोच बॉल वापरून एप्रिलमध्ये आणि जुलैमध्ये बॉल किती लांब जातो ते चित्रित करा आणि दोन्ही शॉट शेजारी ठेवा. असा व्हिडिओ मी कुठे पाहिला नाही, आणि पार्लर चालवणाऱ्याला एसी रात्री किती वेळ ठेवावा हे ठरवायला त्याचा खरा उपयोग आहे.

संकलन आणि प्रसारण

संकलनात क्रम असा ठेवा: दोषाची चाचणी, कारणं बाद करणं, दुरुस्ती, तीच चाचणी पुन्हा. पहिला आणि शेवटचा शॉट अर्ध्या-अर्ध्या पडद्यावर एकत्र दाखवता यावा, म्हणून ट्रायपॉडच्या पायांच्या जागी फरशीवर टेपच्या खुणा करून ठेवा. संगणकावर डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती या कामाला पुरून उरते. मापं पडद्यावर मोठ्या अक्षरांत द्या, कारण बघणाऱ्याचा फोन बहुधा टेबलाच्या कडेवर टेकवलेला असतो आणि तो लांबून वाचतो.

यूट्यूबवर १५ मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ चढवायला आधी फोन नंबरने खातं पडताळावं लागतं. वर्णनात वेळा टाकून प्रकरणं पाडा: किमान तीन, पहिली शून्यापासून, प्रत्येक किमान १० सेकंदांचं. वेळा इंग्रजी अंकांत लिहा. काम करणारा माणूस हातात पाना घेऊन पुन्हा पुन्हा त्याच जागी येतो, त्याला ती जागा लगेच सापडली पाहिजे. शीर्षकात लोक बोलतात तेच शब्द ठेवा: ‘कुशन ढप वाजतंय’, ‘बॉल ओढतोय’.

सुरुवात रेलच्या बोल्टपासून करा. हत्यार एक, धोका कमी, फरक कानाला लगेच कळतो. मग पायाची लेव्हल, मग साफसफाई. जोडाचं आणि कापडाचं काम शेवटी घ्या, आणि ते ऑक्टोबरनंतर चित्रित करा. भर पावसात ताणलेलं कापड हवा कोरडी झाली की वेगळं वागतं, आणि बघणाऱ्याने तुमच्या व्हिडिओतला ताण प्रमाण मानलेला असतो.